आईच्या रक्तात शून्य नसतं

१२ जानेवारी

प्रिय मोजपट्टी,

फोन हॉलमध्ये आहे आणि सासूबाईही हॉलमध्येच असतात, म्हणून पत्र. शिवाय फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्यापलीकडे जात नाहीस. कागदावर निदान दोन ओळी तरी पदरात पडतील.

बाळ तीन आठवड्यांचं झालं. आम्ही तिला मुकादम म्हणतो, कारण ती ओरडली की सगळं घर कामाला लागतं. तुझे भावोजी लिफ्ट दुरुस्त करायला चार-चार दिवस फिरतीवर असतात, ते तेवढे सुटतात.

बाळंतपण सुखरूप झालं हे तुला तेव्हाच कळवलं होतं. पण मला दूध येत नाही गं. कमी येतं असं नाही, येतच नाही. छाती भरून येईल, ठणकेल, कपडे ओले होतील असं शेजारणींनी सांगून ठेवलं होतं. त्यातलं काही झालं नाही. सासूबाई तीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. म्हणाल्या, “मनात असलं की पान्हा फुटतो.” मी म्हटलं, “मनात आहे हो.” तर म्हणाल्या, “मग कुठेतरी कमी पडतंय.” तपासलेल्या पेपरवर शेरा मारावा तसं.

तू दिवसभर मेंढ्यांच्या दुधाचं आणि रक्ताचं मोजमाप करतेस ना? मेंढ्यांना असं होतं का कधी? हसू नकोस.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

ताई,

हसले नाही.

दूध मनाने येत नाही, चोखण्याने येतं. हे काकूंना सांगायचं की नाही ते तू ठरव. पिल्लू चोखू लागलं की छातीतल्या मज्जातंतूंमधून मेंदूला खबर जाते. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. मिनिटाच्या आत तिच्यातून ऑक्सिटोसिन सुटतं आणि ते साठलेलं दूध खाली उतरवतं. पान्हा म्हणतात तो हाच. त्याच ग्रंथीतून प्रोलॅक्टिनही सुटतं, पण ते सावकाश चढतं आणि साधारण अर्ध्या तासाने शिखरावर पोचतं. ते पुढचं दूध तयार करतं. म्हणजे पोटात जातं ते आजचं दूध, आणि चोखणं ही उद्याची ऑर्डर. ऑक्सिटोसिन नुसत्या कोकराच्या आवाजानेही सुटतं. प्रोलॅक्टिनला मात्र असं फसवता येत नाही, त्याला चोखणंच लागतं.

माझं काम एवढंच आहे. कोकरू बाजूला करायचं, मेंढीच्या मानेतून रक्त घ्यायचं, ते निळ्या बुचाच्या नळीत. मग कोकरू सोडायचं, अर्ध्या तासाने पुन्हा रक्त, ते लाल बुचाच्या नळीत. चाळीस मेंढ्या आहेत. बाद झालेले नमुने सोडले, तर लाल नळीचा आकडा निळ्यापेक्षा कमी आलेला मी पाहिलेला नाही.

तेव्हा दिवसातून आठ वेळा, दोन्ही बाजूंना, प्रत्येकी पंधरा मिनिटं. बाटली द्यावी लागेलच, पण ती नंतर, आधी नाही. वेळा कागदावर लिहीत जा.

धाकटी

२ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

वेळांचा कागद सोबत जोडला आहे. रेघा सरळ आहेत ते बघ, शिंपिणीचा हात आहे. दहा दिवस, रोज आठ वेळा. मुकादम आधी मन लावून ओढते, मग थांबून माझ्याकडे बघते. ते बघणं मला सोसत नाही. मग ती लालबुंद होते आणि सासूबाई बाटली घेऊन दारात उभ्याच असतात. बाटलीवर तिचं वजन चांगलं वाढतंय, तेव्हा तिची काळजी करू नकोस.

तू फोनवर सांगितलंस तसं रक्त पाठवते आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स घरी आली होती. पाजण्याआधीची नळी निळी, अर्ध्या तासानंतरची लाल. नर्स म्हणाली, “बहीण डॉक्टर आहे का?” मी म्हटलं, “नाही, मेंढ्यांत आहे.” ती घाईने निघून गेली.

हे तिकडेच कामाला येताहेत. थर्मास मांडीवर घेऊन बसणार म्हणाले. लेकीला कधी एवढं जपून धरलं नाही.

माझं हसणं वरवरचं आहे हे तुला कळत असेलच. मला फक्त एकच हवंय. कुणीतरी सांगावं की मी कमी पडत नाहीये.

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

दोन्ही नमुने बाद झाले.

माणसांच्या तपासणीचं रसायन शेजारच्या विभागातून मागून आणलं आणि मोजणी मी स्वतः केली. आमच्या यंत्राला एका मर्यादेखालचं दिसत नाही. तुझे दोन्ही आकडे त्या मर्यादेखाली आले. पाजण्याआधीचा एखाद वेळी तसा येऊ शकतो. पाजल्यानंतरचा येऊ शकत नाही. आमच्या विभागप्रमुख बाईंचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे: “आईच्या रक्तात शून्य नसतं. शून्य आलं तर चूक आपली.” असा आकडा आम्ही रजिस्टरमध्ये लिहितो, त्यावर लाल रेघ मारतो, पुढे ‘बाद’ लिहितो आणि नवा नमुना मागवतो.

बर्फ वितळला असावा. भावोजी म्हणाले शाबूत होता, पण माणसं बर्फाकडे नीट पाहत नाहीत. शिवाय सदतीस नंबरच्या मेंढीचे नमुनेही या महिन्यात तिसऱ्यांदा बाद झाले. तिचंही कोकरू बाटलीवर आहे. नळ्यांच्या नव्या पेटीत दोष असावा. मी लेखी तक्रार केली आहे.

पुन्हा रक्त पाठव. तू कमी पडते आहेस की नाही, हे आकडा आल्यावर सांगेन.

धाकटी

२४ मार्च

प्रिय मोजपट्टी,

उशीर झाला, रागावू नकोस. रक्त पुन्हा पाठवणार नाही. सासूबाई म्हणाल्या, “आता पुरे. पोरीचे हाल आणि हिचेही.” या वेळी आवाजात शेरा नव्हता. महिना झाला, छातीला लावणं बंद केलंय. मुकादमचे गाल पावासारखे फुगलेत. घरात सगळे खूश.

माझंच काहीतरी बिनसलंय. झोप पुरत नाही. नऊला झोपते ती नऊला उठते, आणि दुपारी पुन्हा. बाहेर ऊन रणरणतंय आणि मी खिडकी लावून शाल गुंडाळून बसते. काल एक ब्लाउज बेतायला घेतला, तर कात्री हातातून सुटली. बोटं गार पडली होती. हे म्हणाले, “बर्फाचा थर्मास तूच आहेस.” उभी राहिले की डोळ्यांपुढे काळं येतं, भिंत धरून उभी राहते.

पाळी अजून आलेली नाही. सासूबाई म्हणतात, अंगावर लेकरू असलं की येत नाही. बरंच आहे, तेवढीच एक कटकट कमी.

तुझी ती सदतीस नंबरची कशी आहे? का कोण जाणे, तिची आठवण येते. आम्ही दोघी बाद.

ताई

१ एप्रिल

ताई,

काकूंचं बरोबर आहे. चोखण्याने प्रोलॅक्टिन चढतं आणि पाळी आणणाऱ्या हार्मोन्सचं सुटणं दबतं. पाजणाऱ्या आईची पाळी कित्येक महिने लांबू शकते. काळजीचं कारण नाही.

थकवा आणि थंडी यासाठी रक्तातलं लोह तपासून घे. जवळच्या डॉक्टरांना दाखव.

सदतीस नंबर गोठ्यात एका कोपऱ्यात उभी असते. कातरल्यावर तिची लोकर नीट वाढलेली नाही. आम्ही तिचे नमुने घेणं थांबवलं आहे, आकडेवारी बिघडते.

इथे वार्षिक अहवाल सुरू आहे, म्हणून पत्र छोटं.

धाकटी

४ मे

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र वाचून किती दिवसांनी हसले. ‘पाजणाऱ्या आईची पाळी’ म्हणे! अगं, मी पाजते कुठे? फेब्रुवारीतच बंद केलं, तुला लिहिलं होतं. आणि त्याआधीही काय पाजत होते, हवा? तुझ्यासारखी काटेकोर बाई चुकली म्हणजे अहवाल फारच अवघड असणार.

पण मग पाळी का येत नाही, ते मला कळत नाही. सासूबाईंना विचारलं नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आले. लोह बरं निघालं. भुवया विरळ झालेल्या पाहून त्यांनी गळ्याला हात लावला आणि आणखी एक तपासणी केली. थायरॉईड मंद आहे म्हणाले, सोपी गोष्ट आहे, रोज सकाळी एक गोळी. परवापासून सुरू केली. निदान रोगाला नाव तरी मिळालं. आळशी म्हणवून घेण्यापेक्षा बरं.

गोळीने तरतरी येईल म्हणाले होते. अजून उलटंच आहे. मळमळतं, आणि काल अंथरुणातून उठताना पाय आपले वाटेनात. चार दिवस बघते.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. मुकादम आता हाक मारली की वळून बघते. मला बघून हसली आज.

ताई

११ मे

ताई,

हे उभ्याने लिहिते आहे. सकाळपासून तुमचा फोन लागत नाही. लागला तर सगळं फोनवर सांगेनच, पण कागदावरही असू दे.

गोळी बंद कर. डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये हे मला कळतं, तरी मी लिहिते आहे. आजच मोठ्या हॉस्पिटलात जा आणि हे पत्र तिथे दाखव.

काल दुपारी कळप पलीकडच्या गोठ्यात हलवला. दोनशे पावलांचं अंतर. सदतीस नंबर मध्येच गुडघ्यांवर बसली आणि उठली नाही. पशुवैद्यांनी गोठ्यावरच्या माणसाला एकच प्रश्न विचारला: “व्याली तेव्हा हिचं रक्त गेलं होतं का?” तो म्हणाला, “बादलीभर गेलं साहेब. वाटलं तेव्हाच जाते.” मला हे चार महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. माझ्याकडे तिच्या नळ्या यायच्या.

त्यांनी कवटी उघडली. हरभऱ्याएवढी ग्रंथी असते तिथे सुकलेलं फोलपट होतं.

नीट वाच. गर्भारपणात ही ग्रंथी फुगते, तिला जास्त रक्त लागतं. बाळंतपणात फार रक्त गेलं तर ती उपाशी राहते आणि मरते. मग चोखलं तरी काही सुटत नाही, कारण सुटायला तिथे काही उरलेलं नसतं. पाजणाऱ्या आईत प्रोलॅक्टिन वर असतं म्हणून पाळीची हार्मोन्स खाली असतात. पाजणं थांबलं की पहिलं उतरतं, दुसरी वर येतात. तराजू आहे तो. तुझी दोन्ही पारडी खाली आहेत. तुझ्या ४ मेच्या पत्रात हे सगळं होतं, मी ते आठला वाचलं, आणि सदतीस नंबर पडेपर्यंत मला दिसलं नाही.

गळ्यातली ग्रंथी त्याच ग्रंथीच्या हुकमाने चालते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही. त्यांच्यातलं कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉईडची गोळी दिली, तर शरीर कोसळतं. आधी स्टेरॉइड, मग गोळी. हा क्रम हॉस्पिटलात सांग.

एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे: बाळंतपणात किती रक्त गेलं? ‘सुखरूप’ हा शब्द नको. आकडा हवा.

फेब्रुवारीच्या नमुन्याबद्दल नंतर लिहीन.

धाकटी

१५ मे

सूनबाईंच्या धाकट्या बहिणीस,

पत्र मोठ्या हॉस्पिटलातून लिहिते आहे. हे पत्र घेऊन माझा मुलगा स्वतः तुझ्याकडे येत आहे. उत्तर त्याच्याकडेच दे. कारण शेवटी लिहिले आहे.

अकरा तारखेला दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी तुझ्याशी नीट बोलले नाही. तू म्हणालीस, “ताईला उठवा.” मी म्हटले, “झोपली आहे, उठवणार नाही.” तू म्हणालीस, “काकू, आत्ता उठवा.” मी म्हटले, “आमच्या घरात कुणी कधी उठायचे हे आता तू ठरवणार का?” तरी तू आवाज चढवला नाहीस. थायरॉईडची गोळी आणि बाळंतपणातले रक्त, या दोन गोष्टी डॉक्टरांना सांगा, एवढे तीनदा म्हणालीस. मी फोन ठेवला.

ठेवला, पण बसवेना. आयुष्यभर मुलींचे आवाज ऐकले आहेत. खोटी घाई मला कळते, तुझी खोटी नव्हती. मी तिच्या खोलीत गेले. हाक मारली, हलवले. बाळ शेजारी रडत होते आणि ती उठत नव्हती. अंग गार होते.

तू सांगितलेल्या दोन्ही गोष्टी इथल्या डॉक्टरांना सांगितल्या. त्यांनी लगेच इंजेक्शन दिले. अजून पूर्ण शुद्ध नाही. डोळे उघडते, मिटते. काल बाळाचा आवाज दारातून आला तेव्हा मान वळवली. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येणार नाही.

तू फोनवर रक्ताचे विचारलेस. तीन बाटल्या चढवल्या होत्या. एक रात्र आम्ही आशा सोडली होती. ‘सुखरूप’ असे कळवायला मीच सांगितले. तुझी नोकरी नवी होती, तू धावत येशील आणि नोकरी जाईल, असा विचार केला. नंतर तीही म्हणाली, आता कशाला सांगायचे. दूध येईना तेव्हा मी तिला बोलले. तीन बाटल्या माहीत असून बोलले. हे तुला लिहिते आहे कारण तिला सांगायची वेळ अजून मिळालेली नाही.

आता कारण. डॉक्टर विचारतात, ग्रंथी केव्हापासून बंद आहे, बाळंतपणानंतर काही तपासणी झाली होती का. माझा मुलगा म्हणाला, फेब्रुवारीत तुझ्याकडे रक्त नेले होते, पण नमुना खराब निघाला. तो म्हणतो, बर्फ शाबूत होता. डॉक्टरांना लेखी हवे आहे.

नमुना खरेच खराब होता का?

काकू

१६ मे

काकू,

नमुना खराब नव्हता.

रजिस्टरमधल्या पानाची सहीशिक्क्यासह प्रत सोबत आहे. ती डॉक्टरांना द्या. तिसरी ओळ ताईची. पाजण्याआधी: मर्यादेखाली. पाजल्यानंतर अर्ध्या तासाने: मर्यादेखाली. भावोजींनी बर्फ नीट आणला होता. नर्सने वेळ पाळली होती. नळ्यांच्या पेटीत दोष नव्हता, त्याच पेटीतल्या बाकी सगळ्या नळ्यांचे आकडे बरोबर आहेत. मी ते काल रात्री नाही, आज सकाळी नाही, दहा तारखेलाच तपासले होते, मेंढी पडली त्याच संध्याकाळी. ताईला अकराला लिहिताना मला ते माहीत होतं आणि मी ‘नंतर लिहीन’ असं लिहिलं.

यंत्राने नऊ फेब्रुवारीला बरोबर सांगितलं होतं. रेघ मी मारली. त्या दिवशी रेघ न मारता मी एक प्रश्न विचारला असता, तर ताईला फेब्रुवारीतच औषध मिळालं असतं. तुम्ही तीन बाटल्या लपवल्या. मी विचारल्या नाहीत. त्यामुळे तुमच्यावर रागावायला मला जागा नाही.

आज मी त्या ओळीवरची लाल रेघ रद्द केली, पुढे ‘ग्राह्य’ लिहिलं आणि आजची तारीख घातली. सदतीस नंबरच्या तिन्ही ओळींवरचीही. प्रमुख बाई म्हणाल्या, “अहवाल गेला आहे, आता याचा उपयोग काय?” मी सही करून रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं.

भावोजी खाली थांबले आहेत. रजेचा अर्ज दिला आहे, त्याला उत्तर आलं की मी निघते, नाही आलं तरी निघते. मी उद्या दुपारपर्यंत पोचेन. तोवर हे पत्र ताईला वाचून दाखवा, ती शुद्धीवर नसली तरी. तिने मला एक गोष्ट विचारली होती आणि मी म्हटलं होतं, आकडा आल्यावर सांगेन. आकडा तेव्हाच आला होता. ती कमी पडत नव्हती. हे वाक्य तुमच्या आवाजात वाचा, तिला ते तुमच्याकडून ऐकायचं होतं.

आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तर मुकादमला तिच्या छातीशी ठेवा. दूध येणार नाही. रक्तातला आकडाही बदलणार नाही. ठेवा म्हणण्याला माझ्याकडे काही आधार नाही.

तरी ठेवा.

धाकटी